उघाड पडली की परत

दर पावसाळ्यात आमचे हे मोटरसायकलवर लोणारला जायला निघायचे आणि दर वेळी त्यांचा डबा भरलेलाच परत यायचा.

कितीतरी वर्षं मी हे बघत होते. आमच्याकडे झड लागते, म्हणजे दोन-तीन दिवस ऊन न दाखवता बारीक पाऊस लागून राहतो. झड लागली की यांचा फोन वाजायला लागायचा, मोटरसायकल क्लबातली मंडळी बोलवायची. आज निघायचं, उद्या संध्याकाळी यायचं, असं ठरायचं. मी उठून दशम्या करायचे, शेंगदाण्याची चटणी कुटायचे, एक चादर आणि कोरडे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून द्यायचे. आणि त्याच दिवशी दुपारी हे दारात हजर. दशम्या तशाच, चादरीची घडीसुद्धा मोडलेली नाही. आले की पाय धुवायचे आणि थेट वावरात. "लोणार पाह्यलं का?" विचारलं तर म्हणायचे, "रस्त्यात उघाड पडली."

माझा स्वभाव आधीच चौकस. माहेरी माझी आई म्हणायची, हिला देवानं कान दोनच दिले, पण नाकं चार दिली. त्यामुळे हा डबा मला झोपू द्यायचा नाही. बाजूची जाऊ हसत म्हणाली, कुठं दुसरं घर तर नाही ना मांडलं? मी म्हटलं, बाई असती तर दशम्या तरी संपल्या असत्या.

उघाड म्हणजे काय हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. अनसिंगच्या शिवारात आमचं सोयाबीन आहे आणि विहिरीजवळच्या तुकड्यात वांगी, मेथी आणि सांभार, ज्याला बाकीचा महाराष्ट्र कोथिंबीर म्हणतो. झडीत शेतकऱ्याला काही करता येत नाही. चिखलात पाय फसतो, तण काढायचा डवरा चालत नाही, फवारलेलं औषध धुऊन जातं. मग पाऊस थांबून आभाळ फाकलं, की तीच उघाड. त्या चार-सहा तासांत फवारणी करून घ्यायची, भाजी तोडून घ्यायची, नाहीतर पुन्हा झड आणि पुन्हा बसा हात चोळत. म्हणजे यांनी परत येणं मला समजत होतं. मला समजत नव्हतं ते जाणं. उघाड कधी ना कधी पडणारच, हे माहीत असून ही माणसं निघतात कायले?

या क्लबाची जन्मकथा मला तुकड्यातुकड्यांनी कळली. वाशीमला भाजी घेऊन गेलं की हे एका मोबाईलच्या दुकानात टेकत. त्या दुकानदाराने एकदा यांना एक व्हिडिओ दाखवला. स्कॉटलंड नावाच्या देशातला. तिथली मोटरसायकलवाली मंडळी भर पावसात समुद्राच्या कडेकडेनं रांगेत चालली आहेत, डोंगर हिरवे, रस्ता काळा, मेंढ्या ओल्या, आणि सगळे मजेत. दुकानात तेव्हा आमच्याच जिल्ह्यातल्या मालेगावचा कृषी केंद्रवाला होता आणि शाळेतून निवृत्त झालेले, आता संत्र्याची बाग बघणारे एक गुरुजी होते. आमच्या यांनी विचारलं, "एवढ्या पाण्यात हे लोक कायले फिरून राह्यले? यायले वावर नाही का?"

"शनिवार-रविवार हाय ना त्यायचा," दुकानदार म्हणाला.

"मंग आपला शनिवार-रविवार कधी असते?"

 मग यांनीच उत्तर दिलं, "आपला शनिवार-रविवार म्हंजे झड."

समुद्राची अडचण गुरुजींनी सोडवली. लोणारच्या सरोवराचं पाणी खारं आहे, आणि खारं पाणी म्हणजे समुद्रच, असा त्यांनी निकाल दिला. झाला क्लब. ना पावती, ना पाटी. कातडी कोट कुठून आणणार? यांनी वांग्याच्या वाफ्यावर अंथरायचा मल्चिंग पेपर कापून पायाला गुंडाळायची युक्ती काढली. चंदेरी बाजू बाहेर. ती आठ-नऊ मंडळी चंदेरी पायांनी निघाली की रस्त्यावरची कुत्रीसुद्धा भुंकायची थांबायची.

नियम दोनच, आणि दोन्ही यांनीच केलेले. पहिला, उघाड पडली की परत. ज्याला परतायचं त्यानं दोनदा हॉर्न वाजवायचा, गाडी वळवायची आणि निघायचं. त्याला 'काहून' म्हणून कोणी विचारायचं नाही, कारण ज्याचं वावर त्याला ठाऊक. दुसरा नियम असा, की ज्याच्या हाती हँडल, त्याच्या हाती फैसला. मागं बसणाऱ्यानं 'वळव' किंवा 'चाल' काहीच म्हणायचं नाही. कोणाचा तरी साळा मागं बसून सारखा टोकत होता म्हणून तो नियम आला होता.

आणि इतक्या वर्षांत एकदाही क्लब लोणारला पोचला नव्हता! कधी मालेगावलाच ऊन पडायचं, कधी शिरपूरला, एकदा म्हणे रिसोडच्या वेशीपर्यंत गेले होते. सगळा बोलाचाच भात आणि बोलाचीच कढी. बाकीच्यांनी निदान लहानपणी शाळेच्या सहलीत सरोवर पाहिलेलं. आमच्या यांना त्या वेळी गोवर निघाला होता. मीही पाहिलेलं नव्हतं. घरापासून एवढ्या जवळ, आणि दोघांनी पाहिलेलं नाही.

मग यांच्या गाडीला म्हैस धडकली. म्हणजे म्हैस आपल्या चालीनं उजवीकडून रस्ता ओलांडत होती, हेच जाऊन तिला धडकले. म्हैस जागची हलली नाही, हे नालीत. लागलं फारसं नव्हतं. पण मी खोदून खोदून विचारलं, "एवढी मोठी म्हैस दिसली कशी नाही?" तेव्हा हळूच बोलले, "बाजूचं दिसतच नाही मले. लय दिवस झाले."

अकोल्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. समोरचं दिसतं, कडेचं गेलं. गेलेलं परत येत नाही. रोज थेंब टाकायचे, म्हणजे उरलेलं टिकेल, पण किती आणि किती दिवस याची खात्री त्यांनी दिली नाही. गाडी मात्र आजपासून बंद. हे खुर्चीत ताठ बसून ऐकत होते. येताना बसमध्ये एकच वाक्य बोलले, "लोणार तेवढं पाहून घ्याव म्हणतो."

घरी आल्यावर मला काही राहवेना. कडेचं न दिसणं म्हणजे नेमकं काय? ठिबकच्या मुख्य पाइपाचा वीतभर तुकडा गोठ्यात पडला होता, तो घेतला, एका डोळ्याला लावला, दुसरा मिटला आणि अंगणात फिरले. समोरचा रांजण दिसला, तुळस दिसली, आणि गाय दिसलीच नाही. तिच्या पोटावर जाऊन आपटले. गाईनं वळून माझ्याकडे जे पाहिलं ते मी विसरणार नाही. मला आधी हसू आलं आणि मग तिथंच गाईच्या पाठीवर डोकं ठेवून रडू आलं.

मी म्हटलं, बसनं जाऊ, उद्याच जाऊ. तर नाही. "बसनं कोणी बी जाते. आमचं मोटरसायकलनं ठरलं हाय, झडीत." हा माणूस मोडेल पण वाकणार नाही. पण मोटरसायकल चालवणार कोण? क्लबातल्या कोणाच्या मागं बसायचं तर तो उघाड पडली की वळणार, आणि मागं बसणाऱ्यानं बोलायचं नाही. घोडं तिथंच पेंड खात होतं. एक दिवस कंटाळून म्हणाले, "तूच काहून नाही शिकत?"

मला पडत्या फळाची आज्ञा. मुलीची स्कूटी मी चालवलेली होतीच. आता गियरची गाडी. शेजाऱ्यांच्या मोकळ्या खळ्यावर आम्ही सकाळी जायचो. हे मागं बसून सांगायचे आणि मी क्लच सोडला की गाडी उडी मारून बंद पडायची. गावातल्या बाया पाणी भरता भरता बघायला थांबायच्या. एकीनं विचारलं, "या वयात हे काय काढलं वं?" मी म्हटलं, "तू बी ये, शिकवतो तुले." पिकं गुडघ्याला लागेपर्यंत मी यांना मागं बसवून वाशीमच्या बाजारात भाजी नेऊ लागले होते.

श्रावण संपता संपता झड लागली. फोन वाजला. मी मुलीचा सलवार-कुर्ता घातला, वर रेनकोट, पायाला चंदेरी मल्चिंग. वाशीमच्या नाक्यावर सगळे जमले तेव्हा आधी माझ्या पायांकडे आणि मग माझ्या हातातल्या हँडलकडे बघत राहिले. शेवटी गुरुजी म्हणाले, "बाई, तुमी शेवटी राहा. कोणी घसरलं तं उचलून घेजा."

नमनालाच घडाभर तेल गेलं. कोणाला पेट्रोल भरायचं होतं, कोणाची चेन वाजत होती, मालेगावला कृषी केंद्रवाल्याला घ्यायचं म्हणून लांबचा रस्ता धरला आणि तिथं चहाला थांबलो तर भजी आली. मी सगळ्यांना प्रश्न विचारून हैराण केलं. पुढं कोणी राहायचं, गाड्यांमधलं अंतर कसं ठरवता, ओल्या रस्त्यावर मागचा ब्रेक आधी की पुढचा? कृषी केंद्रवाला यांना म्हणाला, "दादा, तुमच्या घरात रेडिओची गरजच नसन पडत." हे हसले. बऱ्याच दिवसांनी हसले होते.

मालेगाव सोडलं आणि मला पहिल्यांदा समजलं की ही माणसं निघतात कायले. तुरीच्या ओळी, सोयाबीनचं हिरवं, पाण्यानं चमकणारे बांध, सगळं रोजचंच. पण रोज मी त्यात वाकलेली असते. आज ते नुसतं बाजूनं जात होतं आणि माझ्याकडे काही मागत नव्हतं. कोणाच्या वावरात गवत झालं तर झालं. हेल्मेटच्या काचेवरून पाणी ओघळत होतं, पुढं चंदेरी पायांची रांग वळणावर एकामागं एक कलत होती, आणि मी मोठ्यानं गाणं म्हणत होते. हेल्मेटमध्ये ऐकणारं कोणी नव्हतं म्हणून बरं.

शिरपूरच्या पुढं पाऊस थांबला.

आधी वाटलं, घटकाभर असेल. मग मागं पूर्वेकडे आभाळ फाकलं आणि रस्त्यावर आमची सावली पडली. मी शेवटी असल्यामुळे पुढचं मला स्पष्ट दिसलं. कृषी केंद्रवाल्याच्या गाडीचा दिवा लागला, त्याची गाडी वळली आणि तो समोरून येऊन माझ्या बाजूनं गेला. दोनदा हॉर्न. उघाड पडली की सगळा तालुका औषधासाठी त्याच्या दुकानात उभा राहणार. मग दोन सोयाबीनवाले गेले, हॉर्न वाजवत. मग एक कापूसवाला, मग बाकीचे दोघं. गुरुजी थोडे थांबले, हेल्मेटची काच वर केली, माझ्याकडे नाही, यांच्याकडे बघितलं, आणि गेले. संत्र्याला फळगळ लागली होती त्यांच्या. मोबाईलवाल्याला वावर नव्हतं, तो रिसोडपर्यंत आला. तिथं त्यानं गाडी माझ्या बाजूला आणली. "वहिनी, उघाडीत गावं बाजाराले निघतात, दुकान उघडा लागन," असं खाली बघत म्हणाला. त्यानं हॉर्नसुद्धा हळू वाजवला.

राहिलो आम्ही दोघं. मी रस्त्याच्या कडेला गाडी लावली.

आमच्या सोयाबीनवर अळी पडली होती. औषध आणून ठेवलेलं, पंप धुऊन ठेवलेला, फक्त उघाडीची वाट होती. आणि ही समोर उघाड. आत्ता वळलं तर दुपारपर्यंत घरी, संध्याकाळपर्यंत फवारणी. मला राग आला. कोणावर ते कळेना. आभाळावर, अळीवर, त्या निघून गेलेल्यांवर, ज्यांचं काहीच चुकलं नव्हतं. मागं हे ताठ बसलेले. त्यांचे हात त्यांच्या स्वतःच्या गुडघ्यांवर होते, माझ्या खांद्यावरसुद्धा नव्हते.

"बोला न काही," मी म्हटलं.

"मागं बसणाऱ्यानं बोलाव नाही."

"नियम गेला चुलीत. पुढं जाव का परत जाव?"

"हँडल तुह्या हाती हाय."

"मंग चूपचाप बसा," मी म्हटलं, आणि पहिला गियर टाकला. गाडी सरळ गेली. ती फवारणी हुकली ती हुकलीच. पुढच्या झडीत अळीनं पानांची चाळणी केली आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. त्या दिवशी तिथून वळले असते तर कशाचं वाईट वाटलं असतं, तेही मला माहीत आहे.

लोणारला पोचेपर्यंत आभाळ पुन्हा भरलं. सरोवराच्या काठावर, जिथून लोक बघतात त्या कठड्याशी गाडी उभी केली आणि दोघं धावतच गेलो. खाली काहीच नव्हतं. नुसतं पांढरं. वरून पाऊस आणि खालून धुकं. सरोवर आहे की नुसतीच अफवा, सांगता येईना.

हे कठड्याला धरून उभे. बराच वेळ इकडे-तिकडे मान फिरवली. मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, "काय दिसते वं तुले?"

"काही नाही."

"खरं सांग."

"देवाशपथ. पांढरं हाय सारं."

"म्हंजे तुले बी दिसत नाही?"

"मले बी नाही."

त्यांनी केवढा तरी श्वास सोडला. तोपर्यंत मला कळलंच नव्हतं की ते किती घाबरले होते. त्यांना वाटलं होतं, समोरचंही गेलं.

मी डबा काढला. एका झाडाखाली उभ्या उभ्या आम्ही दशम्या खाल्ल्या, चटणीवर पावसाचे थेंब पडत होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या दशम्या लोणारला संपल्या. मी विचारत होते, खारं पाणी असलं तर मासे असतील का? आभाळातून दगड पडून एवढा खड्डा झाला म्हणतात, तर पडताना वावरात कोणी होतं का? हे म्हणाले, "असलं तं पहिले उघाड झाली का म्हणून वर पाह्यलं असन त्यानं." आणि दोघं आभाळाकडे बघत बसलो. आयुष्यभर उघाडीची वाट पाहिली ती पिकासाठी. आज पहिल्यांदा वेगळ्या कशासाठी तरी पाहत होतो.

ती पडली. आधी पाऊस गेला, मग धुकं हलायला लागलं. खालच्या झाडांचे शेंडे बाहेर आले, मग एका देवळाचा कळस, आणि मग पाणी. हिरवं, शांत, आणि केवढं गोल! मी ओरडणारच होते, "ते पाहा, तिकडं, काठाले..."

"सांगू नको," हे म्हणाले. "मले पाहू दे."

मी ओठ मिटले. माझ्यासाठी हे सोपं नाही. हे कठड्याच्या डाव्या टोकापासून सुरुवात करून मान अगदी हळू उजवीकडे नेत होते, थांबत होते, पुन्हा थोडी नेत होते. मला राहवलं नाही. मी मूठ वळून पोकळ केली, डोळ्याला लावली, दुसरा डोळा मिटला. सरोवर त्यात मावेना. पाण्याचा एक तुकडा दिसला, तो सोडला तर झाडांचा, तो सोडला तर पलीकडच्या काठाचा. एक एक तुकडा मनात जपून ठेवायचा आणि पुढच्याला जोडायचा. मला ते जमेना, सारखा पहिला तुकडा निसटायचा. हे मात्र न थकता जोडत होते. उजव्या टोकाला पोचल्यावर म्हणाले, "गोल हाय. पुरं गोल हाय."

ऊन चांगलंच पडलं होतं. त्यांच्या पायावरचं मल्चिंग चमकत होतं. त्यांनी वर बघितलं, सवयीनं वाशीमच्या दिशेला वळले, हेल्मेट उचललं आणि म्हणाले, "चाल. उघाड पडली. परत."

मी गाडीची किल्ली काढली आणि ओढणीच्या टोकाला गाठ मारून बांधली.

"हँडल कोणाच्या हाती हाय?" मी विचारलं.

"तुह्या."

"मंग पाहून घ्या अजून."

त्यांनी हेल्मेट खाली ठेवलं, कठडा धरला आणि मान पुन्हा डाव्या टोकापासून सुरू केली.